जमिनीवरचं जहाज : नौदलातले पहिले महिने आणि त्यांच्या आठवणी

आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हा काहींना प्रश्न पडला असेल, की वागळे इस्टेटमध्ये नौदलाचं काय काम? इथे लेथ आहेत, प्रेस आहेत, हल्ली आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती आहेत. समुद्र काही नाही. पण नौदल आपल्या भागात दोन वाटांनी आलेलं आहे आणि दोन्ही वाटा आज थोड्या चालून बघायच्या आहेत.

पहिली वाट साधी आहे. जुन्या काळी नौसैनिक पंधराएक वर्षं नोकरी करून बाहेर पडायचा तेव्हा वय असायचं पस्तिशीच्या आसपास. पेन्शन बेताची, मुलं शाळेत जाणारी. पण हातात कसब पक्कं : डिझेल इंजिन, बॉयलर, पंप, स्विचबोर्ड. असा माणूस कारखान्याच्या मेंटेनन्स खात्याला हवाच असतो. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, आणि आपल्या इस्टेटीतही, जनरेटर रूममध्ये किंवा बॉयलरजवळ एखादा तरी माजी नौसैनिक सापडायचा. ओळखू कसा यायचा? पाळी सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी हजर, आणि हत्यारांची पेटी अशी लावलेली की अंधारात हात घातला तरी बारा-तेराचा पाना सापडावा. या लोकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी आम्ही गेली काही वर्षं बोलत आलो आहोत. लोकमान्य नगर, किसन नगर, पलीकडे डोंबिवली, कल्याण.

दुसरी वाट फारशी कुणाला ठाऊक नसते. इथून सात-आठ किलोमीटरवर, माजिवडा-कापूरबावडीच्या पुढे, कोलशेत. आज कोलशेत म्हटलं की हवाई दलाचा तळ आणि उंच टॉवर डोळ्यांसमोर येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे खाडीकाठच्या भागात ‘एचएमआयएस अकबर’ नावाचं रॉयल इंडियन नेव्हीचं प्रशिक्षण केंद्र होतं. गावाकडून आलेल्या पोराला खलाशी बनवायचं काम तिथे चालायचं, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तिथले खलाशी संपात उतरले. म्हणजे नौदलातल्या पहिल्या दिवसांची एक मोठी गोष्ट आपल्या ठाण्यातच घडलेली आहे.

आता या दोन वाटा एकत्र का ठेवायच्या, ते सांगतो. दोन्ही पिढ्यांनी जवळपास सारखेच कष्ट काढले. पहाटेची शिट्टी, कवायत, ओरडा, निकृष्ट जेवण, घरची आठवण. पण एका पिढीने ते कष्ट अपमान म्हणून लक्षात ठेवले आणि दुसरी पिढी तेच हसत हसत सांगते. का? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे.

आधी एक तांत्रिक भाग, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजच म्हणतात. लोणावळ्याचं ‘आयएनएस शिवाजी’ डोंगरात आहे, तरी त्याच्या नावामागे युद्धनौकेसारखंच ‘आयएनएस’ लागतं. ही ब्रिटिशांची पद्धत. त्यांच्याकडे नौदलाचा शिस्तीचा कायदा लागू व्हायचा तो जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसाला. मग किनाऱ्यावरच्या माणसांचं काय करायचं? त्यांनी बराकींनाच जहाज ठरवून टाकलं. इंग्रज खलाशी थट्टेने अशा तळांना ‘स्टोन फ्रिगेट’ म्हणायचे, म्हणजे दगडी जहाज.

याचा परिणाम नव्या पोरावर काय होतो बघा. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून सतरा वर्षांचा मुलगा येतो. समुद्र त्याने पाहिलेला नसतो. आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगतात की ही फरशी नाही, हा ‘डेक’ आहे. भिंत नाही, ‘बल्कहेड’. स्वयंपाकघर ‘गॅली’, संडास ‘हेड्स’. फाटकाबाहेर गावात जायचं असेल तर ‘अशोर’ जायची परवानगी मागायची. पायाखाली माती आणि तोंडाने म्हणायचं, मी किनाऱ्यावर जातो! गंमत वाटते ऐकायला. पण माजी नौसैनिकांच्या घरी अजून बघा, फरशी पुसायला सांगताना आजोबांच्या तोंडून ‘डेक’ निघतो आणि नातवंडं खिदळतात. साठ वर्षं उलटली तरी शब्द गेला नाही. माणसाला नवा करायचा असेल तर आधी त्याच्या तोंडातले रोजचे शब्द बदलायचे, हे त्या पद्धतीचं मर्म आहे.

शब्दांच्या जोडीने केस जातात. मग नंबर मिळतो. हा नंबर माणसं मरेपर्यंत विसरत नाहीत. बायकोचा वाढदिवस चुकेल, सर्व्हिस नंबर चुकणार नाही. मग किट मिळतं आणि त्या किटाचा ‘किट मस्टर’. प्रत्येक कपडा ठरलेल्या मापाची घडी घालून, ठरलेल्या क्रमाने मांडायचा, नाव दिसलं पाहिजे. एक मोजा वाकडा असला की सगळा पसारा उधळला जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. ही आठवण सांगताना आवाज हमखास बदलतो. काहींचा अजून चढतो.

हे सगळं का करतात, याचं उत्तर बराकीत मिळत नाही. ते पहिल्यांदा खरोखरच्या जहाजावर गेल्यावर मिळतं. पोलादी पत्र्याच्या खोल्यांमध्ये शेकडो माणसं, प्रत्येकाला एक लहानसं लॉकर. सामान जागच्या जागी नसेल तर लाटेबरोबर ते अंगावर येतं. आग लागली, पाणी शिरलं, वीज गेली, तर अंधारात हाताने चाचपून नेमका व्हॉल्व्ह सापडला पाहिजे. तिथे ‘का?’ विचारायला वेळ नसतो. कवायतीच्या मैदानावर हुकूम ऐकताच पाय उचलायची सवय लावतात ती त्या एका अंधाऱ्या मिनिटासाठी.

यात आणि आपल्या इस्टेटीत फरक आहे, नाही असं नाही. कारखान्यात कामगार हुकूम मानतो तो आठ तास. बराकीत झोपही हुकमाने. पण आयटीआयमधून आलेल्या पोराला पहिले सहा महिने फाइलिंगच करायला लावणारे जुने फोरमन आणि नौदलातले इन्स्ट्रक्टर हे एकाच घराण्यातले, असं आमचं मत झालं आहे.

पोहण्याची गोष्ट राहिली. कोकणातल्या खाडीकाठच्या पोरांना वाटायचं, आपल्याला कसली भीती. आणि देशावरची पोरं विहिरीत सूर मारलेली. पण उंच फळीवरून, खाली बघत, हुकमावर उडी मारायची वेळ आली की दोघंही सारखीच. यात एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. माजी नौसैनिक आपल्या उडीबद्दल फार बोलत नाहीत. ते बोलतात मागच्याने ढकललं त्याबद्दल, नाहीतर खाली पाण्यात थांबलेल्याने ओढून काढलं त्याबद्दल.

आता प्रवास. स्वातंत्र्यानंतर कराचीतली मुलांची प्रशिक्षण केंद्रं पाकिस्तानात गेली आणि ‘बॉय’ म्हणून भरती झालेल्यांचं प्रशिक्षण विशाखापट्टणमला आलं. १९८० मध्ये ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी ‘आयएनएस चिल्का’ उभं राहिलं आणि तेव्हापासून नव्या नौसैनिकाचं पहिलं घर तेच. कल्याणहून कोणार्क एक्सप्रेस धरली की ती पुणे, सोलापूर, सिकंदराबाद करत आधी विशाखापट्टणमला जाते आणि मग ओडिशात. एकाच रुळावर दोन पिढ्यांच्या पहिल्या रात्रींची ठिकाणं आहेत. या प्रवासाच्या आठवणी प्रशिक्षणाच्या आठवणींपेक्षा जास्त तपशीलवार असतात, हे आमच्या पुन्हा पुन्हा ध्यानात आलं. ट्रंकेवर नाव कोणी रंगवलं, शिदोरीत काय होतं, सोलापूरनंतर भाषा कशी बदलली. तिथून पुढे सगळे दिवस एकसारखे, म्हणून ते आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. वेगळा उरतो तो शेवटचा घरचा दिवस.

भाकरीची आठवण मात्र सगळ्यांची. तांदूळ, डाळ, पातळ चहा. पत्रात काय लिहायचं? ‘जेवण चांगलं आहे, काळजी नसावी.’ ही खोटी पत्रं घराघरांत पिशव्यांमध्ये पडून आहेत. आंतरदेशीय पत्राच्या त्या निळ्या कागदांवर विश्वास ठेवून कुणी इतिहास लिहिला, तर नौदलात सगळे सुखात होते असंच निघेल.

इथून मागे जाऊ, १९४६ मध्ये.

रॉयल इंडियन नेव्ही हे नाव १९३४ चं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा या नौदलात खलाशी होते पावणेदोन हजारांच्या आसपास, आणि त्यातले कितीतरी आपल्या रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान घराण्यांतले, बापजाद्यांपासून दर्यावर वावरलेले. युद्धाच्या सहा वर्षांत हे नौदल कित्येक पटींनी फुगलं; युद्ध संपताना अधिकारी आणि खलाशी मिळून आकडा पंचवीस-तीस हजारांवर गेला होता. एवढी माणसं कुठून आणणार? सगळ्या प्रांतांतून. मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचणारी पोरंही आली, कारण वायरलेस, रडार ही शिकलेल्या माणसांची कामं होती. भरती करणाऱ्यांनी त्यांना काय सांगितलं? चांगला पगार, चांगलं जेवण, कसब शिकायला मिळेल, युद्धानंतर नोकरी पक्की.

आत गेल्यावर काय मिळालं, ते बंडानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे खलाशांनी सांगितलं. पाटणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फजल अली त्या आयोगाचे अध्यक्ष होते. भरतीच्या वेळी दिलेली वचनं पाळली नाहीत. गोऱ्या खलाशाला वेगळा पगार, वेगळं जेवण, वेगळी वागणूक. आणि शिव्या. मुंबईच्या ‘तलवार’ या सिग्नल शाळेचे कमांडर किंग खलाशांना ‘कुलींची पोरं’, ‘जंगली’ अशा भाषेत बोलले, ही तक्रार तर बंडाच्या तोंडावरची. त्याच ‘तलवार’वर बलाई चंद्र दत्त नावाच्या तरुण टेलिग्राफिस्टला भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल २ फेब्रुवारीला पकडलं होतं. १८ फेब्रुवारीला सकाळी खलाशांनी न्याहारीला हात लावला नाही. दोन दिवसांत बंदरातली जहाजं आणि किनाऱ्यावरचे तळ सामील झाले. कोलशेतचं ‘अकबर’ त्यात होतं, मार्व्याचं ‘हमला’ होतं. कराचीत तर ‘बहादूर’वरची प्रशिक्षणातली पोरंसुद्धा उतरली. एकूण खलाशी वीस हजारांच्या आसपास. मुंबईत परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसं गेली. परळच्या कमल दोंदे त्यातल्याच. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली.

राजकारण आपण इथे बाजूला ठेवू, त्यावर भरपूर बोललं गेलंय. आपल्याला बघायचंय ते ताट. बंडाची सुरुवात न्याहारीच्या ताटावरून का झाली? खड्यांची डाळ चिल्काला गेलेल्या पोरांनीही खाल्ली असेल. पण ‘तलवार’वरच्या खलाशाला त्याच आवारात दुसरं ताट दिसत होतं, आणि ते कुणाला मिळतं हे कातडीच्या रंगावर ठरत होतं. खडा दाताखाली आला म्हणून कुणी बंड करत नाही. खडा फक्त आपल्याच दाताखाली येतो हे कळतं, तेव्हा करतात.

शिव्यांचंही तेच. साठ-सत्तरच्या दशकातले नौसैनिक आपल्या इन्स्ट्रक्टरच्या शिव्या तोंडपाठ म्हणून दाखवतात, अगदी नकला करून. त्या काही सभ्य नव्हत्या. मग त्या विनोद कशा झाल्या? एक तर तो इन्स्ट्रक्टर स्वतः त्याच बराकीतून वर आलेला होता; शिवी खाऊनच शिवी द्यायला शिकलेला. दुसरं, त्या शिवीत ‘तू कधीच होणार नाहीस’ हे नव्हतं. ‘अजून झाला नाहीस’ एवढंच होतं. ‘कुलीची पोरं’ ही शिवी माणसाच्या जन्मालाच होती, तिच्यातून पास होऊन बाहेर पडायची सोयच नव्हती.

आणि तिसरं कारण आम्हाला सगळ्यात वजनदार वाटतं : वचन. पंधरा वर्षांची नोकरी म्हटलं, ती मिळाली. कसब शिकवू म्हटलं, ते शिकवलं. त्याच कसबावर पुढे या इस्टेटीत घर चाललं, मुलीचं लग्न झालं, दिव्याजवळ, मुंब्र्यात खोली घेतली. शेवट बरा झाला की सुरुवातीचे कष्ट गोड होतात. १९४६ च्या खलाशांचा शेवट काय झाला? चारशेहून अधिक जणांना काढून टाकलं. स्वातंत्र्य आलं तरी त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. मान्यता मिळाली ती खूप उशिरा : कुलाब्याला स्मारक झालं, नौदलाच्या दोन टगबोटींना बी. सी. दत्त आणि मदन सिंग यांची नावं मिळाली. दत्त स्वतः वर्तमानपत्रात गेले, पुस्तक लिहिलं. बाकीचे गावोगाव पांगले. कोलशेतला खलाशी होतो, हे सांगून उपयोग काय, म्हणून गप्प राहिलेले किती असतील.

जाता जाता एक. ब्रिटिशांनी आपल्या तळांना ‘अकबर’, ‘शिवाजी’, ‘फिरोज’, ‘तलवार’ अशी नावं दिली होती. लोणावळ्याचं ‘शिवाजी’ फेब्रुवारी १९४५ चं, तेही त्याच मालिकेतलं. त्यातलं ‘शिवाजी’ टिकलं, ‘अकबर’ संपलं, आणि ‘तलवार’ हे नाव आज एका युद्धनौकेला आहे.

आता थोडं सावध व्हायचं. हसत सांगितलेल्या आठवणी आहेत म्हणून त्या खऱ्याच, असं धरून चालणार नाही. ‘त्यांनी आम्हाला माणूस केलं’ हे वाक्य प्रत्येक माजी नौसैनिक म्हणतो. पण हे म्हणतात कोण? जे टिकले ते. बॅचच्या स्नेहसंमेलनाला फोटोत उभे राहतात ते सगळे टिकलेले. जो मेडिकलमध्ये अनफिट ठरून तिसऱ्या महिन्यात ट्रंक घेऊन परतला, जो एका रात्री कुंपणावरून पळाला, तो त्या फोटोत नाही. गावात त्याला ‘पळपुटा’ म्हणाले. त्याची बाजू ऐकली तर त्याच बराकीचं चित्र वेगळं दिसतं : सीनिअरांचा छळ, ‘घाटी’, ‘मद्रासी’, ‘बिहारी’ म्हणून रोज होणारी टिंगल, आजारी असताना काढलेली कवायत. टिकलेल्यांनाही हे माहीत असतं. थोडा वेळ बसलात, चहा झाला, नातवंडं बाहेर गेली, की आवाज खाली येतो आणि हळूहळू तेही बाहेर येतं.

आणि काही जण फोटोत नाहीत ते वेगळ्याच कारणाने. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाज काही मिनिटांत खाली गेलं. त्या पिढीच्या माणसासमोर बॅचचा फोटो ठेवला तर बोट एखाद्या चेहऱ्यावर थांबतं. मग पोहण्याच्या परीक्षेची गंमत सांगणं तिथेच थांबतं. ज्याने पाण्यातून ओढून काढलं होतं, तोच कदाचित तो असतो.

तुमच्यापैकी काहींच्या घरात, सोसायटीत अशी माणसं आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं असेल तर एक काम करा, ‘ट्रेनिंग कसं होतं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तयार असतं, २६ जानेवारीला शाळेत सांगायचं उत्तर. विचारा, पहिल्या रात्री कुठे झोपलात? शेजारी कोण होता? घरून पहिलं पत्र आलं ते कोणाच्या अक्षरात होतं? पहिला पगार किती आणि त्यातला घरी किती पाठवला? तुमच्यातला कोण परत गेला? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा आणि मग गप्प बसा. फोटो असेल तर उलटा करून मागची नावं उतरवून घ्या. पेनाची शाई उडत चालली आहे. आजोबा ऐंशीच्या घरात आहेत आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करायला पैसे पडत नाहीत.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो : ‘आता मुलीही जातात. त्यांच्या आठवणी वेगळ्या असतील का?’

असतील, आणि त्यांची सुरुवात नुकतीच झाली आहे. अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकडीचं दीक्षांत संचलन २८ मार्च २०२३ ला चिल्काला झालं, सूर्यास्तानंतर. अडीच हजारांहून अधिक जण होते, त्यात २७० हून अधिक मुली. डेक, हेड्स, अशोर हे शब्द त्यांच्याही तोंडी बसले असतील. पण बराकीत मुलींसाठी काय वेगळं होतं, काय मुद्दाम सारखं ठेवलं होतं, हे जुन्या नौसैनिकांना सांगताच येणार नाही. ते त्याच सांगतील. आणि मघाशी वचनाचं म्हटलं, ते इथेही लागू आहे. या पोरापोरींना वचन आहे चार वर्षांचं, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. तेव्हा ठाणे-कल्याणला परतलेल्यांकडे जायचं, आणि जे नौदलात राहिले त्यांच्याकडेही, आणि चिल्काच्या त्याच पहाटेबद्दल दोघांना वेगवेगळं विचारायचं. ताई, तुमच्या ओळखीत कुणी मुलगी असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगा.